साडूंचा हातानं काढलेला सिनेमा

आमच्या साडूंइतका मोठा सिनेमावाला अख्ख्या निजाम संस्थानात झाला नाही, आणि त्यांचे सिनेमे पाहून समजलेली माणसं एका बैलगाडीत सहज मावतील. पहिल्या विधानाला माझ्याकडे काडीचाही पुरावा नाही. दुसऱ्याला आहे, कारण त्या बैलगाडीत एका कोपऱ्यात मी स्वतः बसलेलो असेन. मी जालन्याच्या तहसीलीत कारकून. दिवसभर उर्दूत आलेल्या कागदावर उर्दूत शेरा मारायचा आणि संध्याकाळी घरी येऊन मराठीत कुरकुर करायची, असा माझा सरळ जन्म. असल्या माणसाच्या पदरात देवानं हा साडू का घातला असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझी बायको थोरली, साडूंची बायको द्वारका धाकटी. सासऱ्यांनी थोरलीसाठी सरकारी नोकर शोधला आणि धाकटीच्या वेळेपर्यंत त्यांची नजर अधू झाली असावी, असं मी साडूंच्या लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याला म्हणालो. नवरदेवानं नेमकं ते ऐकलं. मला वाटलं आता वाजणार. तर हे माझ्याकडे टक लावून पाहत म्हणाले, "साडूभाऊ, हसताना तुमचा डावा खांदा आधी उचलला जातो. पुन्हा एकदा हसा बरं." मी पुन्हा हसलो. आमची दोस्ती अशी सुरू झाली.

त्यांचा धंदा म्हणाल तर फिरत्या तंबूतल्या सिनेमात मशीन चालवण्याचा. त्याआधी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पावसाळा संपला की तंबू निघायचा, आज तीर्थपुरीच्या बाजारात, उद्या आणखी कुठं. पावसाळ्यात मालक तंबू गुंडाळून ठेवी आणि साडू जालन्यातल्या मस्तगडात, आपल्या घरी येऊन उंबऱ्यापाशी बसत. तिथं बसून ते काय करत, तर लोक कसे चालतात ते बघत. चेहऱ्याकडे त्यांचं लक्षच नसे. रोज दुकानात भेटणारा वाणी समोर उभा राहिला तरी ओळख लागायची नाही, पण तोच पाठमोरा चालायला लागला की हे ओरडत, "अरे, वाणी होय!" म्हशींच्या मागं मागं ते कुंडलिकेच्या पात्रापर्यंत जात आणि परत येऊन द्वारकेला सांगत की म्हैस चारी पायांनी चालत नसून मागच्या दोन पायांनी पुढच्या दोघांना ढकलत असते. द्वारका म्हणे, "बराबर आहे. मी पण घर तसंच चालवून राह्यले." एकदा त्यांनी भर बाजारात आमच्या तहसीलदारसाहेबांनाच थांबवलं. म्हणाले, "साहेब, जरा तिकडून पुन्हा चालत या. टाच टेकायच्या आधी तुमचा अंगठा काहीतरी विचार करून राह्यलाय." आणि साहेब गेले आणि पुन्हा चालत आले! दुसऱ्या दिवशी कचेरीत मला बोलावून विचारलं, "वो आपके कौन होते हैं?" मी म्हणालो, "दूर के रिश्तेदार हैं, हुजूर." त्या दिवशी संध्याकाळी मात्र साहेब आपल्याच अंगणात पायाकडे बघत चालत होते, असं त्यांच्या शिपायानं मला सांगितलं.

हे सगळं चाललं होतं सिनेमासाठी. साडूंना सिनेमा करायचा होता. त्याला कॅमेरा लागतो हे मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "कॅमेऱ्याला जे दिसतं तेच तो दाखवतो. त्यात आपली काय करामत?" तंबूतल्या रिळांचे तुटके तुकडे बांगड्यावाले वितळवून बांगड्या करायला भंगारात घेऊन जात. ते तुकडे साडू मालकाकडून मागून आणत, सोड्याच्या कढत पाण्यात टाकत आणि फडक्यानं घासत. घासलं की वरचं चित्र निघून जाई आणि खाली काचेसारखी स्वच्छ पट्टी उरे. कित्येक राजे-राण्या आणि राक्षस अशा रीतीनं द्वारकेच्या मोरीतून वाहून गेले. ती माझ्या बायकोला सांगे, "अक्का, काल माझ्या मोरीत ह्यांनी एक अख्खी लढाई धुतली." मग त्या पट्ट्या अंगणातल्या दोरीवर तिच्या लुगड्यांशेजारी वाळत. वाळल्या की साडू खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला घेऊन, घड्याळवाल्याचं भिंग डोळ्याला लावून, त्या पट्टीवर एकामागून एक चित्रं काढत. एकेक चित्र नखाएवढं. पापणी लवते तेवढ्यात मशीन असली ढीगभर चित्रं गिळून टाकतं, म्हणजे महिनाभर मान मोडून काढलेला सिनेमा जांभई देईपर्यंत संपायचा. बरं, त्या चित्रांत काय असे? ठिपके. रेघा. लाल ठिपका निळ्या ठिपक्याच्या मागं लागतो, निळा फुटून त्याचे बारके बारके ठिपके होतात, रेघ येते आणि सगळ्यांना झाडून नेते. रामायणातला एखादा प्रवेश तरी काढा, असं मी म्हणायचो. ते म्हणायचे, "मंग ठिपक्याची गोष्ट कोण सांगंल, साडूभाऊ?"

एकदाच, तीर्थपुरीला, त्यांनी मालकाला न विचारता मध्यंतरानंतर आपलं रीळ चढवलं. पडद्यावर ठिपके नाचायला लागले. लोकांना वाटलं मशीन बिघडलं. शिट्ट्या, आरडाओरडा, कुणी चप्पल भिरकावली, मालक धोतर सावरत धावत आला. सिनेमा संपून गेला तरी बोंब चालूच होती, कारण बोंब सिनेमापेक्षा लांब होती. तंबू रिकामा झाल्यावर एक म्हातारा शेतकरी मात्र मशीनपाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "ते भुरूभुरू उडालं ते काय व्हतं? जवारीवरून पाखरं उठल्यासारखं वाटलं." साडूंनी म्हाताऱ्याला मिठी मारली. मालकानं त्या दिवशी त्यांना काय काय सुनावलं त्यातलं एक अक्षर त्यांच्या लक्षात राहिलं नाही, पण म्हाताऱ्याचं ते वाक्य त्यांनी मला पुढं इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी मीच ते आधी म्हणून मोकळा व्हायला लागलो.

त्यांना उशिरा एक मुलगी झाली. गोदावरी नाव, सगळे गोदी म्हणत. या पोरीची चाल म्हणजे साडूंना देवानं दिलेलं बक्षीस होतं. ती सरळ चालतच नसे. दोन पावलं टाकायची आणि एक लंगडी घालायची, पुन्हा दोन पावलं आणि लंगडी. रोज सकाळी पितळी गडू घेऊन ती कोपऱ्यावरच्या गवळ्याकडे दुधाला जाई. निघताना उंबऱ्याबाहेर उभी राहून आईबापाकडे तोंड करून बघायची, आपल्याकडे त्यांचं लक्ष आहे ना याची खात्री करून घ्यायची, मग गर्रकन वळून गडू झुलवत निघायची. साडू ती कोपऱ्याआड होईपर्यंत बघत आणि मग भिंग डोळ्याला लावून कामाला लागत.

गोदी सहा वर्षांची असताना मस्तगडात एक फोटोवाला आला. मागं बगीच्याचा पडदा, पुढं खुर्ची. गल्लीतल्या सगळ्या पोरांचे फोटो निघाले. द्वारकेनं गोदीला नवा परकर नेसवला, वेणीत फूल माळलं आणि खुर्चीत नेऊन बसवलं. फोटोवाल्यानं काळं फडकं डोक्यावर घेतलं, तेवढ्यात साडू आले आणि पोरीला उचलून घरी घेऊन गेले. म्हणाले, "फोटोत पोर खिळ्याला टांगल्यासारखी दिसती. हिला मी चालती काढणार आहे. सगळ्या जालन्यात कुणाची लेक अशी निघाली नसंल." द्वारका चिडली, पण नवऱ्यावर तिचा विश्वास होता. फोटोवाला पुढच्या गावी गेला. त्याच पावसाळ्यात गोदीला मुदतीचा ताप आला आणि मुदत संपायच्या आतच ती गेली.

मी पुष्कळ घरांतलं दुःख पाहिलं आहे, तसलं पाहिलं नाही. द्वारका रडली नाही. तेरावा झाल्यावर ती भिंतीकडे बघत एवढंच म्हणाली, "एक फोटू तरी असता." आणि त्यानंतर ती नवऱ्याशी बोलेनाशी झाली. स्वयंपाक करी, कपडे धुवी, त्यांचे सोड्याचे डागही काढी, पण शब्द नाही. मी गेलो की मला सांगे, "दाजी, त्यांना म्हणावं जेवायला बसा." साडू माझ्या समोरच बसलेले असत. मी म्हणे, "जेवायला बसा म्हणते." ते म्हणत, "बसतो म्हणावं." तहसीलीत कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेणं हे माझं कामच होतं, पण असलं ओझं मी कधी वाहिलं नाही. पोरीचा चेहरा डोळ्यांपुढून हळूहळू पुसट होत चालला आहे, एवढीच भीती द्वारकेला होती, आणि तो चेहरा ज्या माणसामुळं राहिला नाही त्याच्यासाठी तिला रोज भाकरी थापायची होती.

साडूंनी गोदीचा सिनेमा काढायला घेतला. तंबूवर जाणं त्यांनी सोडलं. मालकानं जुनं, हातानं फिरवायचं मशीन अडगळीत टाकलं होतं, तेवढं घरी आणलं आणि पोटापुरत्या पाट्या पुन्हा रंगवायला लागले. उरलेला सगळा वेळ कुंचला आणि भिंग. आयुष्यात पहिल्यांदाच ते ठिपके सोडून माणूस काढत होते. मला सांगितलं, "उंबऱ्यापाशी उभी राहून आपल्याकडं बघती, वळती, अन् लंगडी घालत कोपऱ्याआड जाती. बस, एवढंच." मी म्हणालो, "परत येतानाची काढा की. हातात दूध घेऊन." त्यांनी कुंचला खाली ठेवला. मग म्हणाले, "परत येताना मी कधी मान वर केली न्हाई, साडूभाऊ. कामात असायचो. ती कशी यायची ते मला ठाऊकच न्हाई."

आणि एक दिवस त्यांचं काम अडलं. लंगडी ती कोणत्या पायावर घालायची, ते त्यांना आठवेना. माणूस वेडापिसा झाला. मला म्हणाले, "गल्लीतून लंगडी घालत जाऊन दाखवा, म्हणजे मला आठवंल." मी, निजाम सरकारचा नोकर, डोक्याला पगडी, हातात पितळी गडू, भर दुपारी मस्तगडात लंगडी घालत गेलो. आधी उजव्या पायावर, मग डाव्या. दुकानदार दारात येऊन उभे राहिले. गवळी म्हशीखालून उठून आला. एवढं करूनही साडूंना आठवलं नाही ते नाहीच. शेवटी मी धापा टाकत स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो आणि द्वारकेला म्हणालो, "ते विचारतायत, गोदी लंगडी कोणत्या पायावर घालायची?" द्वारका भाकरी थापत होती. तिनं हात थांबवले. मला वाटलं आता उठून निघून जाईल. ती उठली, पिठाचे हात तसेच पुढं धरून चुलीपासून दारापर्यंत आली. दोन पावलं आणि लंगडी, दोन पावलं आणि लंगडी, डाव्या पायावर. माझ्या मागं साडू येऊन उभे होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. परत जाऊन परातीपुढं बसली आणि पदरानं तोंड झाकून घेतलं.

दोन पावसाळे गेले आणि सिनेमा पुरा झाला. त्यांनी तो मशीनवर एकदाही लावून पाहिला नव्हता, कारण मशीनमधून गेलं की पट्टीवरचा रंग थोडा खरवडला जातो. पहिली खेप द्वारकेसाठीच ठेवली होती. दुपारची वेळ होती. खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला, भिंतीवर धुतलेलं धोतर ताणलं. माझ्या बायकोनं द्वारकेला हाताला धरून आणून बसवलं. मशीनमधला कार्बाइडचा दिवा मी पेटवला. त्यांनी रीळ चढवलं, हँडल फिरवायला घेतलं आणि धोतरावर आमची गल्ली दिसायला लागली.

गल्ली रिकामी होती. मग कोपऱ्याआडून एक बारीकशी पोर पाठमोरी बाहेर आली आणि उलट्या पावलांनी आमच्याकडं यायला लागली. मला काही उमगेना. साडूंना मात्र क्षणात उमगलं. मशीनमध्ये चित्र डोकं खाली करून लावावं लागतं, तेव्हा ते भिंतीवर सुलटं दिसतं. साडूंनी पोर काढली होती डोकं वर ठेवून, कारण उलटी पोर कोण काढू शकतो? पण मशीनमध्ये पट्टी वरून खाली उतरते, ही सवय हाताला इतकी लागलेली की काढून झालेली पट्टी ते खाली मांडीवर ओढत राहिले आणि पुढचं चित्र वरच्या बाजूला काढत गेले. त्यामुळं आता पोर भिंतीवर सुलटी उभी राहायची, तर शेवटचं चित्र आधी येणार आणि पहिलं शेवटी. ठिपक्याला ना डोकं ना पाय, म्हणून इतक्या वर्षांत ही चूक कधी उघडी पडली नव्हती.

"उलटं झालं! अरे देवा, सगळं उलटं झालं!" साडू ओरडले आणि त्यांनी हँडल सोडून डोक्याला हात लावला.

"थांबू नका," द्वारका म्हणाली. "फिरवा."

दोन वर्षांत ती त्यांच्याशी बोललेला तो पहिला शब्द. साडूंनी हँडल धरलं. गोदी लंगडी घालत, गडू झुलवत, पाठमोरी जवळ जवळ येत गेली, मोठी मोठी होत गेली. उंबऱ्यापाशी येऊन थांबली. आणि गर्रकन वळून तिनं आमच्याकडे पाहिलं. तोच चेहरा, तीच खात्री करून घेणारी नजर. सिनेमा संपला.

"आली," द्वारका म्हणाली, आणि मग ती रडली. ते मी सांगत नाही.

साडू मात्र खचून गेले होते. तिच्यापुढं जमिनीवर बसून म्हणाले, "माझी चूक झाली. पुन्हा काढतो. बराबर करून दाखवतो, जाताना दाखवतो." द्वारकेनं त्यांचा हात धरला. "बिलकुल न्हाई," ती म्हणाली. "जाताना मी पाह्यलीय."

त्यानंतर संक्रांतीला, दिवाळीला आणि गोदीच्या वाढदिवसाला ते रीळ निघायचं. जास्त वेळा लावायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं, कारण दर खेपेला रंगाचा थोडा भुगा मशीनच्या खिडकीत पडायचा. द्वारका तो भुगा चिमटीनं उचलून कुंकवाच्या करंड्यात ठेवी. गोदीचा परकर आधी फिका झाला, मग गडू गेला. पुन्हा रंग भरावा तर साडूंचे डोळे चालले होते. इतकी वर्षं नखाएवढ्या चित्रांत घातलेले डोळे, ते किती टिकणार? संस्थानाच्या शेवटच्या वर्षी जी जाळपोळ, लुटालूट माजली तीत आम्ही दोन्ही घरं आमच्या इकडच्या टेंभुर्णीवरून वऱ्हाडात पळालो. द्वारकेनं भांडीकुंडी टाकली आणि पिठाच्या डब्यात रीळ घेतलं. परत आलो तेव्हा घरात जड म्हणून सोडलेलं मशीन तेवढं जागेवर होतं. साडूंना तोवर फक्त उजेड आणि अंधार कळत होता.

त्या दिवाळीला मी त्यांच्याकडे गेलो. खिडक्यांना घोंगड्या, भिंतीवर धोतर. साडूंनी चाचपत रीळ चढवलं आणि हँडल फिरवायला लागले. धोतरावर नुसता पांढरा उजेड पडला. कुठं एखादा ओरखडा, एखादा निळा ठिपका, बाकी काही नाही. मी द्वारकेकडे पाहिलं. ती उजेडाकडे बघत होती.

"आली का?" साडूंनी विचारलं.

"कोपऱ्यावर आली," द्वारका म्हणाली. "आता लंगडी घातली. डाव्या पायावर."

"गडू?"

"झुलवून राह्यली की. सांडती आता दूध."

"वळली?"

"वळली," ती म्हणाली. "बघती आपल्याकडं."

साडूंनी हँडल थांबवलं. द्वारका फराळाचं आणायला आत गेली, तेव्हा ते माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "पट्टी कोरी झालीय, साडूभाऊ. रीळ चढवताना रंग बोटाला लागत न्हाई आता. तिला सांगू नका मला कळलंय म्हणून."

मी निघालो तेव्हा ते मला पोचवायला उंबऱ्यापर्यंत आले आणि सवयीनं गल्लीकडे तोंड करून उभे राहिले. दिसत तर काही नव्हतं, माझ्या पावलांचा आवाज ऐकत असावेत. कोपरा जवळ आला. माझं वय झालं होतं, गुडघे कुरकुरत होते, दुकानं उघडी होती. मी दोन पावलं टाकली आणि डाव्या पायावर एक लंगडी घातली, चांगला आवाज येईल अशी. मागं उंबऱ्यात साडू हसले.